मास्टरसाहेबांचं मत आणि वसुधाताई

निखिलचा फोन सकाळी सव्वासातला आला. दूध तापत ठेवलं होतं आणि मी दारातून पेपर उचलत होते. "आंटी, माँ नहीं रहीं," एवढंच तो म्हणाला आणि मग बराच वेळ गप्प राहिला. निखिल म्हणजे वसुधाताईंचा एकुलता एक मुलगा. लखनौतच वाढला, मराठी सगळी कळते, पण बोलतो हिंदीत. आईच्या आजारपणासाठी बंगळूरहून येऊन महिनाभर राहिला होता. पहाटे झोपेतच गेल्या, असं त्यानं नंतर सांगितलं. पण त्या मधल्या शांततेत माझ्या मनात जो पहिला विचार आला, तो दुःखाचा नव्हता. हे लिहायला नको वाटतं, पण वसुधाताईंवर लिहायचं आणि त्यातही लपवाछपवी करायची, हे मला जमणार नाही. माझ्या मनात आलं... त्यांनी याला माझ्याबद्दल सांगितलं असेल का?

वसुधा जोगळेकर या मूळच्या सांगलीच्या. यजमान रेल्वेत इंजिनिअर, त्यांची बदली लखनौला झाली आणि मग इथलेच झाले. इंदिरा नगरला घर बांधलं. वसुधाताई स्वतः बँकांची तपासणी करणाऱ्या सरकारी कार्यालयात अधिकारी होत्या. माझे यजमान हवाई दलातून निवृत्त झाल्यावर आम्हीही इंदिरा नगरलाच स्थायिक झालो. आमची पहिली भेट झाली ती इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत. मी घरून नेलेल्या मोदकांचं सगळे कौतुक करत होते. वसुधाताईंनी एक मोदक फोडला, वास घेतला आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "नारळ कमी पडला म्हणून खवा घातलास ना?" खरंच घातला होता. मला राग यायला हवा होता, पण हसू आलं. त्या माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या, म्हणून मी त्यांना ताई म्हणू लागले. त्या मला पहिल्या दिवसापासून निर्मला आणि तू.

संशय हा त्यांचा स्वभाव होता की नोकरीनं लावलेली सवय, हे मला कधी कळलं नाही. हिरवेगार परवल, म्हणजे इथली तोंडल्यासारखी भाजी, दिसले की रुमालावर घासून रंग उतरतो का ते बघायच्या. भाजीवाला भैया वैतागायचा, पण त्यांना चांगलीच भाजी द्यायचा. डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली की ती नेमकी कुठल्या लॅबमधून करायला सांगतात, इकडे त्यांचं लक्ष असे. नोकरीतले किस्से त्या क्वचित सांगत. एक मात्र आवडीनं सांगायच्या. एखाद्या छोट्या गावातली बँक तपासायची असली की त्या एक दिवस आधी जायच्या आणि बँकेसमोरच्या चहाच्या टपरीवर बसायच्या. मॅनेजर किती वाजता येतो, दुपारी शटर अर्धं ओढून आत कोण बसतं, मोठी गाडी कुणाची लागते, हे सगळं चहावाला न विचारता सांगायचा. दुसऱ्या दिवशी बँकेतली माणसं पेढ्यांचा बॉक्स घेऊन पुढे यायची, तेव्हा वसुधाताईंचा अर्धा रिपोर्ट तयार असायचा. पेढा त्यांनी कधी खाल्ला नाही. पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं.

अशा बाईनं आयुष्यात एकदाच न तपासता विश्वास ठेवला आणि नेमका तिथेच घात झाला. त्यांच्याकडे राजरानी म्हणून एक बाई वर्षानुवर्षं कामाला होती. ती शहराच्या कडेला चिनहटला राहते, नवरा तिथल्या कारखान्यात होता, तो गेल्यावर कारखान्याकडून काही रक्कम मिळाली. चिनहटमध्ये एक पतसंस्था होती, छोटी, दोन खोल्यांची, तिथला एजंट घरोघर फिरायचा. राजरानीनं पैसे ठेवण्याआधी संस्थेचा छापील अहवाल आणून वसुधाताईंपुढे ठेवला. तेव्हा त्या नुकत्याच निवृत्त झालेल्या, यजमानांचं शेवटचं आजारपण चाललेलं, दवाखान्यात निघण्याची घाई. त्यांनी शेवटच्या पानावरची ऑडिटरची सही पाहिली आणि म्हणाल्या, ठीक आहे, ठेव. दीड वर्षात संस्थेला कुलूप लागलं. राजरानी कित्येक दिवस कामावरून सुटली की त्या बंद शटरच्या पायरीवर जाऊन बसायची. वसुधाताईंनी चौकशी केली तेव्हा कळलं की तो ऑडिटर संस्थेच्या अध्यक्षाचाच साडू होता. राजरानी त्यांना कधीच एका शब्दानं बोलली नाही. तेच त्यांना सहन होत नसे. "ती भांडली असती तर बरं झालं असतं," त्या मला अनेकदा म्हणाल्या.

अशा संस्था आणखीही बुडाल्या, लोक रस्त्यावर आले आणि शेवटी एक नियम झाला की प्रत्येक पतसंस्थेची तपासणी सरकारनं नेमलेल्या बाहेरच्या माणसानंच करायची. त्या नियमामागे वसुधाताईंसारख्या बऱ्याच निवृत्त अधिकाऱ्यांची पत्रं, अर्ज, हेलपाटे होते. याच काळात मास्टरसाहेब राजकारणात आले. ते एका इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, गणित शिकवायचे, लखनौतच अलीगंजला राहायचे, निखिल शाळेत असताना त्याला शिकवायला स्कूटरवरून घरी यायचे. साधा माणूस. वसुधाताईंना दीदी म्हणायचे, शिकवणी संपली की चहा घेत बसायचे आणि बँकांच्या भानगडींबद्दल खोदून खोदून विचारायचे. पुढे ते विधान परिषदेसाठी पदवीधरांच्या जागेवर अपक्ष उभे राहिले, तेव्हा वसुधाताई पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा एखाद्या उमेदवारासाठी घराबाहेर पडल्या. अपक्ष आहे, कुठल्या पक्षाचा आदेश याच्यावर चालणार नाही, हे त्यांचं मुख्य म्हणणं.

या निवडणुकीत पदवीधराला आधी आपलं नाव नव्यानं नोंदवावं लागतं, फॉर्म भरून आणि पदवीची प्रत जोडून. माणसं आळस करतात. आम्ही दोघी माझ्या स्कूटीवरून दीड महिना फिरलो. रेल्वेतले, आयकरातले, हवाई दलातले, जेवढे मराठी होते तेवढे आणि त्यांचे शेजारी. एका निवृत्त विंग कमांडरांना पदवीचं प्रमाणपत्र सापडेना, तर वसुधाताई त्यांच्या माळ्यावरच्या पेट्या उतरवायला लावून शेवटपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. मला त्या दिवसांत त्या वेगळ्याच वाटल्या, तरुण. एका संध्याकाळी दमून घरी परतताना स्कूटीच्या मागच्या सीटवरून म्हणाल्या, "निर्मला, या माणसावर मला संशय येत नाही, याचीच जरा भीती वाटते." मी हसण्यावारी नेलं. मास्टरसाहेब निवडून आले.

चार वर्षं सगळं नीट चाललं. सभागृहात बोलण्याआधी ते फोन करायचे, आकडे समजून घ्यायचे. आणि मग ते विधेयक आलं. छोट्या संस्थांवर तपासणीचा फार बोजा पडतो, असं म्हणून बाहेरच्या तपासनीसाची अट काढायची आणि संस्थेनं आपला ऑडिटर आपणच नेमायचा, असा त्याचा अर्थ होता. वसुधाताईंनी दोन पानी टिपण हातानं लिहून मास्टरसाहेबांना दिलं. त्यांनी शब्द दिला, दीदी, मी विरोधात मत देणार, आणि राजरानीची गोष्ट सभागृहात सांगणार. वसुधाताईंनी राजरानीला स्वतः विचारून परवानगी घेतली, नाव घेतलेलं चालेल का म्हणून. राजरानी म्हणाली, घेऊ देत, नावात काय जातं.

आता माझ्या वाट्याचं सांगते. माझी मुलगी अनघा सरकारी शाळेत शिक्षिका. पोस्टिंग दूर गोंडा जिल्ह्यातल्या एका खेड्यात, नवरा आणि चार वर्षांची मुलगी लखनौत. तीन वर्षं बदलीचे अर्ज करून ती थकली होती. विधेयकावरच्या मतदानाच्या आठ दिवस आधी, वसुधाताईंना न सांगता, मी अलीगंजला मास्टरसाहेबांकडे गेले. शिफारसपत्र मागायला. न सांगता गेले कारण वसुधाताईंना शिफारस या शब्दाचीच चीड होती. मास्टरसाहेबांनी चहा मागवला, स्वतःच्या अक्षरात पत्र लिहिलं, सही केली आणि पाकीट माझ्या हातात देता देता म्हणाले की त्या विधेयकाच्या बाजूनंच मत द्यावं लागेल असं दिसतंय. का, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "दीदी को अभी मत बताइएगा।" आणि मग, जरा थांबून, "बहुत नाराज़ होंगी?"

मी पाकीट पर्समध्ये ठेवत म्हटलं, "होतील, पण महिन्याभरात निवळतील."

हे वाक्य मी बोलले. हिंदीत बोलले, पण शब्द हेच. पुढचे आठ दिवस मी रोज संध्याकाळी वसुधाताईंबरोबर पार्कात फिरायला गेले आणि काहीच बोलले नाही. त्या उत्साहानं सांगत होत्या, मास्टरसाहेब कुठून सुरुवात करणार, कुठला मुद्दा आधी. मी मान डोलवत होते. मी सांगितलं असतं तर त्या त्याच दिवशी अलीगंजला जाऊन त्यांच्यासमोर बसल्या असत्या. ते बधले असते की नसते, कोण जाणे. पण आठ दिवस त्यांचे होते आणि ते मी खाल्ले.

मतदानाच्या दिवशीचे पास मास्टरसाहेबांनीच पाठवले होते. हे वसुधाताईंना नंतर फार लागलं, की यानं आपल्याला बोलावून दाखवलं. आम्ही वर प्रेक्षकांच्या सज्जात बसलो. फोन बाहेर ठेवून घेतलेले, म्हणून त्यांनी हातातल्या रुमालाच्या घड्या घालायला सुरुवात केली. मास्टरसाहेब बोलायला उभे राहिले. तीन-चार मिनिटं बोलले, चांगलं बोलले, टिपणातली दोन वाक्यं जशीच्या तशी होती. राजरानीचं नाव मात्र आलं नाही. वसुधाताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वेळ कमी दिला असेल." मग विरोधकांनी मतविभाजन मागितलं, आवाजी मतदान नको, माणसं मोजा म्हणून. बाजूनं असणाऱ्यांनी उभं राहायचं. एकेक रांग उठली. मास्टरसाहेब बसून होते, खांद्यावरचं उपरणं नीट करत. क्षणभर मलाही वाटलं, बसूनच राहतात की काय. मग ते उभे राहिले. वरून मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, टक्कल तेवढं दिसत होतं. मी वसुधाताईंकडे पाहिलं नाही. मला त्यांच्याकडे पाहायची भीती वाटली.

बाहेर व्हरांड्यात ते आम्हाला गाठायला आले. यायला नको होतं, पण आले. म्हणाले, दीदी, समजून घ्या, पुढच्या अधिवेशनात दुरुस्ती आणू असं मला आश्वासन मिळालंय. वसुधाताईंनी शांतपणे विचारलं, "लिखकर मिला है?" मास्टरसाहेब नुसते हसले. त्या जिना उतरू लागल्या. घरी येईपर्यंत ऑटोत त्या एकच वाक्य बोलल्या, की राजरानीला आता काय सांगू.

त्यानंतरच्या महिन्यांत मी जी वसुधाताई पाहिली, ती नोकरीतली वसुधाताई असावी. त्या कामाला लागल्या. मास्टरसाहेबांनी मत का फिरवलं, हे शोधून काढायचं. त्यांच्या मेव्हण्याची चिनहटला एखादी संस्था आहे का? ई-रिक्षानं जाऊन त्या तिथल्या संस्थांच्या पाट्या वाचून आल्या, संचालकांची नावं उतरवून आणली, समोरच्या टपऱ्यांवर चहा प्यायल्या. काही सापडलं नाही. मग मास्टरसाहेबांच्या कॉलेजला नवी इमारत मंजूर झाली आहे का, मुलाला कुठे नोकरी लागली का. तिथेही काही नाही. मी म्हणायचे, ताई, सोडून द्या आता. त्या माझ्याकडे बघत आणि म्हणत, "काही न मिळता माणूस उभा राहत नाही, निर्मला. कुणीतरी त्याला सांगितलं असणार, की काही होत नाही, उभा राहा." हे त्या सहज म्हणाल्या की मला उद्देशून, याचा विचार करत मी घरी येई.

आणि एका संध्याकाळी पार्कात, तिसरी फेरी चालू असताना, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तुला आधी माहीत होतं का गं?"

"मला कसं माहीत असणार?" मी म्हटलं.

त्यांनी "हं" केलं. फेरी पूर्ण केली. मग परवल महाग झाले आहेत, असं काहीतरी बोलल्या.

दोन महिन्यांनी अनघाची बदली झाली. मला पेढे वाटायचंही धैर्य होईना, पण न वाटते तर तेही दिसलं असतं. मी बॉक्स घेऊन गेले. वसुधाताई म्हणाल्या, फार चांगलं झालं, पोरीला आई मिळाली. मग विचारलं, कसं काय झालं इतक्या दिवसांनी? मी म्हटलं, नंबर लागला. त्यांनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. बशीत ठेवला. माझ्या डोळ्यांसमोर त्या छोट्या गावातल्या बँका आल्या. घरी येऊन मी यजमानांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, अगं, त्यांना साखरेचा त्रास आहे, म्हणून खाल्ला नसेल. असेलही. पण मी त्या पेढ्यावर आठवडाभर विचार करत होते.

दोन वर्षं अशी गेली. वरवर काहीच बदललं नव्हतं. फिरणं, गणपती, एकमेकींकडे डबे. पण मी त्यांच्या प्रत्येक शब्दाची उलटतपासणी करू लागले होते. त्या थोड्या उशिरा आल्या तर मास्टरसाहेबांना भेटून आल्या असतील का. अनघाची चौकशी केली तर काही सुचवायचं आहे का. एकदा त्यांनी सहज विचारलं, अनघाच्या शाळेचा प्राचार्य अलीगंजचा ना? तो अलीगंजचा नव्हता. मग अलीगंज त्यांना का आठवलं? त्यांचा रोग मला लागला होता. फरक एवढाच की त्या खरं शोधायला संशय घ्यायच्या आणि मी खोटं झाकायला.

या हिवाळ्यात त्यांचं दुखणं वाढलं. मूत्रपिंडाचा त्रास जुनाच होता, आता डायलिसिसवर आल्या. निखिल येऊन राहिला. मी एक दिवसाआड दुपारी जायचे, कधी मऊ भात, कधी मुगाचं वरण. त्या गेल्या त्याच्या तीन आठवडे आधीची गोष्ट. निखिल औषधं आणायला गेला होता, राजरानी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. वसुधाताई पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. ऊन पायांवर आलं होतं. मी भात कालवत होते आणि ते तोंडून गेलंच. ताई, मला माहीत होतं. आठ दिवस आधी. मी पत्रासाठी गेले होते. मी सगळं सांगितलं, फक्त एक वाक्य सोडून.

वसुधाताईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मला ठाऊक आहे. मतदान झालं त्याच आठवड्यात मास्टरनं सांगितलं. स्वतःवरचा भार कमी करायला सांगितलं त्यानं... आपकी सहेली को तो मालूम था."

"मग पार्कात विचारलंत ते?"

"तू काय सांगतेस ते बघायला."

मी वाटी खाली ठेवली. वरून राजरानीच्या बादलीचा आवाज येत होता. मग वसुधाताई म्हणाल्या, "पत्राचं मला काही वाटलं नाही. तू आई आहेस. खोटं बोललीस त्याचंही फार नाही वाटलं. पण महिन्याभरात निवळतील म्हणालीस. तेही सांगितलं त्यानं." त्यांचा आवाज चढला नव्हता. "इतकी वर्षं माझ्याबरोबर फिरलीस. राजरानी पायरीवर बसलेली तू पाहिलीस. आणि तुला वाटलं, मी महिन्याभरात निवळेन."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही, पण दाबलाही नाही. मी विचारलं, मला माफ कराल का? त्या थोड्या हसल्या असाव्यात. म्हणाल्या, "आमच्या रिपोर्टात माफ असा शब्द नसायचा. चूक मान्य केली, अशी नोंद व्हायची. ती झाली. भात दे आता, गार होतोय." मी भरवला. त्यांनी निम्मा खाल्ला. नंतरही मी दिवसाआड जात राहिले, पण हा विषय पुन्हा निघाला नाही. त्यांच्याशी बोलताना मात्र इतक्या दिवसांनी मला शब्द तोलावे लागले नाहीत. तीन आठवडे तसे मिळाले, एवढं माझं नशीब.

तेराव्यानंतर कॉलनीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. मास्टरसाहेब आले. पांढरा कुर्ता, तेच उपरणं. माइक हातात घेऊन त्यांनी वसुधाताईंना आपल्या गुरू म्हटलं, त्यांनी दाखवलेल्या वाटेवरून सभागृहात चाललो म्हणाले. डोळे पुसले. मला ते डोळे खरे वाटले नाहीत, आणि ते खरेही असू शकतात याचाच जास्त राग आला. बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव होतं. मी ठरवून काही गेले नव्हते. उभी राहिले आणि हिंदीत सांगितलं की त्या विधेयकावर मास्टरसाहेब बाजूनं उभे राहिले तेव्हा मी दीदींच्या शेजारी बसले होते, ते उभे राहणार हे मला आधी कळलं होतं आणि मी दीदींना सांगितलं नव्हतं. आम्ही दोघांनी त्यांना फसवलं. एवढं बोलून मी खाली बसले. मास्टरसाहेबांनी मान खाली घातली, थोड्या वेळानं घड्याळ बघितलं आणि आयोजकांना नमस्कार करून निघून गेले. त्यांनी मत का दिलं, ते मला आजही माहीत नाही. वसुधाताईंनाही कळलं नव्हतं. ती दुरुस्ती अजून आलेली नाही.

बाहेर चपला घालताना निखिल जवळ आला. मी त्याच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते. तो म्हणाला, "आंटी, माँ ने तो मुझे कुछ नहीं बताया था।" मग म्हणाला की आई एवढंच म्हणायची, निर्मला येऊन गेली का, तिला यायला सांग. त्यानं माझी पिशवी घेतली आणि मला घरापर्यंत सोडलं.

निखिल आता बंगळूरला परत गेला आहे. घर तूर्तास बंद आहे, राजरानी आठवड्यातून दोनदा उघडून झाडझूड करते. परवा तिनं मला निरोप धाडला, जरा याल का. गेले तर तिच्या हातात एक छापील कागद होता. चिनहटच्याच एका नव्या संस्थेचा अहवाल. तिच्या सुनेनं शिवणकाम करून थोडे पैसे जमवले आहेत, एजंट दोनदा येऊन गेला. "आप देख लीजिए," राजरानी म्हणाली. मी म्हटलं, अगं, मला यातलं काही कळत नाही. ती म्हणाली, दीदींबरोबर इतकं फिरलात, थोडं तर कळत असेल.

पुढच्या खोलीत वसुधाताईंचं टेबल तसंच आहे. पेनांचा डबा, भिंग, रबर लावून ठेवलेल्या पावत्या. मी नेहमीसारखी अलीकडच्या, पाहुण्यांच्या खुर्चीवर बसले आणि कागद डोळ्यांजवळ धरून वाचायला लागले. राजरानी हातातला झाडू घेऊन उभी होती. "उधर बैठिए," ती म्हणाली, "रोशनी उधर है।" मी उठले, टेबलाला वळसा घालून खिडकीपाशी, त्यांच्या खुर्चीत जाऊन बसले. तिथून कागद स्पष्ट दिसत होता. पहिल्या पानापासून वाचला. शेवटच्या पानावर ऑडिटरचं नाव होतं, ते एका चिठ्ठीवर उतरवून घेतलं, त्याला कुणी नेमलं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. तासभर लागला. मला जे कळलं ते मी राजरानीला सांगितलं. आणि जे कळलं नाही, तेही एकेक करून सांगितलं.